छप्पनियाचा दुष्काळ, विश्वामित्रीचा पूर आणि बडोद्याच्या पावसाचा बदललेला हिशेब

मराठीत आपण ‘ओला दुष्काळ’ म्हणतो. आपला बडोद्यातला गुजराती शेजारी त्यालाच ‘लीलो दुकाळ’ म्हणतो. लीलो म्हणजे हिरवा, आणि ओलाही. जास्तीच्या पावसालाही दोन्ही भाषांनी दुष्काळच म्हटले, हे मला फार नेमके वाटते. पीक उन्हाने करपले काय किंवा पाण्यात कुजले काय, कणगी रिकामी ती रिकामीच. पण म्हणून दोन्ही संकटे एकाच कारणाने वाढू शकतात, हे मात्र सहज पटत नाही. जग तापते आहे तर पाऊस कमी व्हावा, की जास्त? दोन्ही कसे होईल?

ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर मंडळाच्या बैठकीत हाच वाद झाला. एक पक्ष म्हणाला, ‘पूर काय आजचा आहे? १९२७ साली काय झाले होते विचारा. आणि दुष्काळ म्हणाल तर छप्पनियापुढे आजचे सगळे किरकोळ.’ दुसरा पक्ष म्हणाला, ‘हे सगळे हवामान बदलाचे आहे, पूर्वी असे नव्हते.’ इतिहासाची आवड असलेल्या माणसाला पहिला पक्ष जवळचा वाटतो. जुन्या नोंदी वाचल्या की ‘असे पूर्वीही झाले होते’ हे वाक्य ओठांवर तयारच असते. ते खरेही असते. पण त्या वाक्यापाशी थांबले की हिशेब अर्धाच राहतो. म्हणून हे टिपण. यात बडोद्याच्या जुन्या नोंदी आणि आजचे हवामानशास्त्र शेजारी शेजारी ठेवून पाहायचे आहे.

आधी छप्पनिया. विक्रम संवत १९५६, आपल्या शकाने १८२१, इंग्रजी १८९९-१९००. गुजरातेत आजही वाईट वर्षाला म्हातारी माणसे ‘छप्पनियो’ म्हणून मोजतात. माझ्या आजीने तो पाहिलेला नव्हता, तिच्या आईने पाहिला होता. तरी ताटात भात टाकला की आजी छप्पनियाचे नाव काढायची. त्या वर्षी देशभरातला मोसमी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे एकचतुर्थांशाने कमी पडला, आणि गुजरात-राजपुताना भागात तर त्याहून कितीतरी वाईट अवस्था होती. गुजरातला अशा दुष्काळाची सवय नव्हती. गुरे आधी गेली, मग माणसे. मागोमाग पटकी आली.

बडोदे संस्थानाच्या शिरगणतीचे आकडे पाहा. १८९१ मध्ये संस्थानाची लोकसंख्या २४,१५,३९६ होती. १९०१ मध्ये ती १९,५२,६९२ भरली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे ४ लाख ६३ हजार माणसे कमी, शेकडा १९. त्याआधीच्या दहा वर्षांत याच संस्थानात लोकसंख्या शेकडा दहाने वाढली होती हे लक्षात घेतले तर खड्डा आणखी खोल दिसतो. १९११ मध्ये आकडा २०,३२,७९८, म्हणजे १८८१ च्याही खाली. १८९१ ची पातळी संस्थानाने परत गाठली ती थेट १९३१ च्या शिरगणतीत. मधल्या काळात प्लेग होता, १९१८ चा इन्फ्लुएन्झा होता, सगळा दोष एका दुष्काळाचा नाही. तरी चाळीस वर्षे! सयाजीरावांनी दुष्काळी भागाचा दौरा केला होता आणि त्याची टिपणे १९०१ मध्ये पुस्तकरूपाने छापली. राजाने दुष्काळाच्या दौऱ्याचे पुस्तक करावे ही गोष्ट तेव्हा नवीच होती.

आता प्रश्न असा की छप्पनियाचे कारण काय? तेव्हा मोटारी नव्हत्या, जगातले कोळशाचे कारखाने आजच्या मानाने थोडे. पृथ्वी तापण्याचा इथे संबंध लावता येत नाही. कारण होते पॅसिफिक महासागरात. दक्षिण अमेरिकेच्या बाजूचे विषुववृत्तावरचे पाणी काही वर्षांनी नेहमीपेक्षा तापते, त्याला आज एल निनो म्हणतात. तसे झाले की पावसाचे मोठे ढग पॅसिफिकच्या मध्याकडे सरकतात आणि आपल्याकडे हवा वरून खाली दाबली जाते. खाली येणारी हवा ढग होऊ देत नाही. १८७७, १८९९, १९१८, १९७२, १९८७ ही आपली दुष्काळी वर्षे, आणि पाचही एल निनोची.

गंमत म्हणजे हे ज्ञान काही अंशी आपल्या दुष्काळांनीच जगाला दिले. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले, त्यामागे वादळांइतकेच दुष्काळांचेही कारण होते. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फाचा पावसाशी संबंध शोधत होते. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. ते मूळचे गणिती. छप्पनियासारखे वर्ष आधी ओळखता येईल का, या प्रश्नापायी त्यांनी जगभरच्या वायुभाराचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्यात वायुभाराचा झोका असतो, एकीकडे वाढला की दुसरीकडे उतरतो, हे त्यांनीच दाखवले आणि ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव दिले. त्यांना हवे होते ते भाकीत काही त्यांच्या हयातीत नीट जमले नाही, पण एल निनोचे आजचे सगळे शास्त्र त्याच पायावर उभे आहे.

तर मग हवामान बदल इथे कुठे येतो? तो पावसाच्या लहरीपणाला जन्म देत नाही. लहरीपणा आधीपासून होता. हवामान बदल त्या लहरीची दोन्ही टोके ताणतो. कसे, ते थोडे सावकाश पाहू, कारण सगळी गोम इथेच आहे.

हवा जितकी गरम, तितकी तिच्यात वाफ जास्त मावते. एक घनमीटर हवेत २० अंशांवर जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांवर सुमारे ३० ग्रॅम. साधारण दर अंशाला शेकडा सात असा हा वाढीचा दर आहे. आपल्या घरातला हंडा मोठा झाला असे समजा. आता या मोठ्या हंड्याचे दोन परिणाम होतात. हंडा भरलेला असेल आणि उपडा झाला, तर पाणी आधीपेक्षा जास्त सांडणार. ही अतिवृष्टी. पण हंडा रिकामा असेल, तर तो भरायला आधीपेक्षा जास्त पाणी आणि जास्त वेळ लागणार, आणि ते पाणी तो जमिनीतून, तळ्यातून, पिकाच्या पानातून ओढून घेणार. हा कोरडा काळ. हंडा एकच, संकटे दोन.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेक लेखांत निसटते. हवेत वाफ मावण्याची क्षमता दर अंशाला शेकडा सात वाढते, पण जगभर मिळून वर्षात पडणारा एकूण पाऊस तेवढा वाढत नाही. तो दर अंशाला शेकडा दोन-तीनच वाढतो. कारण पाऊस पडायचा तर वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता वातावरणाला बाहेर टाकावी लागते, आणि त्या टाकण्याला मर्यादा आहे. मग बेरीज कशी जुळणार? मोठ्या सरी सातच्या हिशेबाने जाड होतात आणि एकूण मात्र दोन-तीननेच वाढते, तेव्हा मधल्या, शेताला मानवणाऱ्या रिमझिम पावसाचे दिवस घटतात. शेतकरी ज्याला ‘झड लागली’ म्हणतो, तो पाऊस कमी होतो. म्हणून वर्षाची सरासरी पाहून ‘पाऊस तर चांगला झाला की’ म्हणणे फसवे आहे. ९०० मिलिमीटर साठ दिवसांत पडणे आणि तेच वीस दिवसांत पडणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

भारतातले आकडे काय सांगतात? केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल म्हणतो की १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले, आणि हिंदी महासागराच्या उष्ण पट्ट्यातल्या पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे १ अंशाने. समुद्राचा आकडा आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा, कारण गुजरातच्या पावसाचा मोठा पुरवठादार अरबी समुद्र आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ मध्ये, गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात, मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. आणि त्याच काळात त्याच पट्ट्यातला एकूण मोसमी पाऊस घटत होता. अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत पावसाने पुन्हा उचल खाल्ली आहे आणि गुजरात, राजस्थानसारख्या कोरड्या भागांत तो वाढलेलाही दिसतो. पण वाढ कशाने? बरीचशी अशा जोरदार दिवसांनी.

आता आपल्या नदीवर येऊ.

विश्वामित्री पावागडावरून निघते, शहराच्या मधून नागमोडी वाहते, कामाठीबागेला वळसा घालते आणि पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. लहान नदी. उन्हाळ्यात तिला नदी म्हणायलाही संकोच वाटावा. शेकडो मगरी मात्र तिच्यात सुखाने नांदतात. जुलै १९२७ च्या अखेरीस गुजरातेत जो महापूर आला त्यात अहमदाबाद, खेडा आणि बडोदे यांची दाणादाण उडाली. वल्लभभाई पटेलांच्या मदतकार्याची ख्याती याच पुरात झाली. तेव्हा १९२७ हा पहिल्या पक्षाचा पुरावा पक्का आहे, तो कुणी नाकारू नये.

पण मग ३१ जुलै २०१९ पाहा. एका दिवसात बडोद्यात जवळजवळ ५०० मिलिमीटर, म्हणजे वीस इंचांच्या आसपास पाऊस. बडोद्याच्या वर्षभराच्या पावसाच्या निम्म्याहून जास्त. एक चौरस किलोमीटरवर एवढा पाऊस म्हणजे ५० कोटी लिटर पाणी. त्या दिवसाचे एका पोलिसाचे छायाचित्र देशभर गेले, टोपलीत तान्हे बाळ डोक्यावर घेऊन गळाभर पाण्यातून चाललेला. बघणाऱ्या प्रत्येकाला वसुदेव आठवला. शहराच्या गल्लीत मगर फिरतानाची दृश्येही त्याच आठवड्यातली.

ऑगस्ट २०२४ चा पूर वेगळ्या घडणीचा. बंगालच्या बाजूने आलेला कमी दाबाचा खोल पट्टा गुजरातवर येऊन रेंगाळला. एरवी अशा पट्ट्याचा जोर जमिनीवर ओसरतो. हा ओसरला नाही. कच्छमार्गे अरबी समुद्रात उतरून त्याचे ‘असना’ नावाचे चक्रीवादळ झाले. ऑगस्टात अरबी समुद्रात चक्रीवादळ ही फार दुर्मीळ गोष्ट, याआधीची नोंद १९७६ ची. काळ्या घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट मानतात, पाणी ३५ फुटांच्या वर गेले. कित्येक घरांत तळमजल्यावरचे कागद, फोटो, पोथ्या गेल्या. आमच्या परिचयातल्या तीन कुटुंबांची मोडी कागदांची बोचकी लगदा झाली. इतिहासाच्या मंडळासाठी ही हानी भांड्याकुंड्यांपेक्षा मोठी, कारण ती परत विकत मिळत नाही.

एका पुराकडे बोट दाखवून ‘हा हवामान बदलाने आणला’ असे म्हणणे बरोबर नाही. शास्त्रज्ञही तसे म्हणत नाहीत. ते म्हणतात की कमी दाबाचा पट्टा पूर्वीही आला असता, पण गरम समुद्रावरून येताना त्याच्या पोटात पाणी जास्त असते, आणि असे पट्टे अधिक जोराने बरसण्याची शक्यता वाढली आहे. फाशाचे सहाही आकडे पूर्वीचेच आहेत, फक्त सहाच्या बाजूला वजन लावले आहे.

खरा नमुना पाहायचा तर मला २०२३ चे वर्ष जास्त बोलके वाटते. तो ऑगस्ट देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, सरासरीच्या ३६ टक्के तूट. एल निनो सुरू झाला होता. गुजरातला तर तो महिना जवळजवळ कोरडाच गेला. कपाशीवाले आभाळाकडे बघत होते. आणि मग सप्टेंबरच्या मध्यावर मध्य प्रदेशात एवढा पाऊस झाला की नर्मदा सरदार सरोवरातून उसळून खाली आली. चांदोद, शिनोर, करजण, भरूच, अंकलेश्वर, नदीकाठ सगळा पाण्यात. परिक्रमेमुळे आणि तीर्थविधींमुळे चांदोदशी किती मराठी घरांचा संबंध आहे, हे सांगायला नको. महिनाभरापूर्वी कोरड्या दुष्काळाची चिंता, आता लीलो दुकाळ. एकाच हंगामात, एकाच जिल्ह्यात.

ही उलटापालट सर्वांत अवघड कुणाला जाते? तलावाला. आणि इथे आजवा येतो.

सयाजीरावांनी शहराच्या पूर्वेला आजवाचे सरोवर बांधून घेतले, अभियंता जगन्नाथ सदाशिवजी. १८९० च्या सुमारास तिथले पाणी केवळ उताराच्या जोरावर शहरात येऊ लागले. पंप नाही, इंजिन नाही. आजही शहराचा काही भाग ते पाणी पितो. आजवा बांधला तो तहान भागवण्यासाठी. तहानेचा तलाव पावसाळा संपताना काठोकाठ भरलेला हवा. पण पूर अडवायचा असेल तर तलाव रिकामा हवा, येणाऱ्या पाण्याला जागा म्हणून. आजव्याचे जादा पाणी विश्वामित्रीतच येते. म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस अधिकाऱ्यापुढे प्रश्न असा: पाणी आत्ताच सोडून द्यावे, आणि सप्टेंबर कोरडा गेला तर उन्हाळ्यात शहराच्या शिव्या खाव्यात, की धरून ठेवावे, आणि चोवीस तासांत पाऊस कोसळला तर भरल्या नदीत आणखी पाणी सोडावे? पाऊस पूर्वीच्या वळणाने पडत असता तर अनुभवाच्या जोरावर यातून वाट निघते. झड कमी आणि कोसळ जास्त झाली की अनुभवच कुचकामी होतो. शंभर-सव्वाशे वर्षांच्या नोंदींवर बसवलेली वेळापत्रके आता पुन्हा मांडावी लागतील.

हैदराबादच्या आपल्या मराठी मंडळींना ही अडचण ओळखीची वाटेल. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावले आणि उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) झाले. ते बांधले पुरासाठी, आणि पुढे शहर त्यांचेच पाणी पिऊ लागले. बडोद्याच्या उलट वाट, पण पेच तोच.

आता दुसऱ्या पक्षालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. विश्वामित्रीचा पूर सगळा आभाळातून आलेला नाही. नदीच्या दोन्ही अंगांना जी कोतरे होती, ती पाणी जिरवायची आणि थोपवून धरायची जागा होती. कित्येक कोतरे भराव घालून सपाट केली, वर इमारती आल्या. रूपारेल, मसिया, भूखी या कांसा म्हणजे शहराचे पावसाचे पाणी नदीत नेणारे मोठे नाले. त्या कुठे अरुंद झाल्या, कुठे झाकल्या गेल्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्ये नदीच्या पात्राची आखणी आणि अतिक्रमणे हटवण्याबद्दल आदेश दिले, ते उगीच नाही. ‘हवामान बदल’ हा शब्द इथे सोयीचा होतो. जो भराव घालतो त्यालाही तो आवडतो, कारण मग दोषी कुणी उरतच नाही. जास्त पाऊस येणार हे कळल्यावर पाण्याची जागा वाढवायची, की कमी करायची?

दुष्काळाच्या बाजूनेही तसेच. १९८५ ते १९८७ गुजरातने सलग तीन वाईट वर्षे काढली. १९८७ चे तर फारच वाईट. पण छप्पनियासारखी माणसे मेली नाहीत. रेशन होते, कामे निघाली, धान्य बाहेरून आले. १८९९ लाही रेल्वे होती, धान्यही देशात होते. लोकांच्या हाती ते घ्यायला पैसा नव्हता. पाऊस न पडणे हे निसर्गाचे, त्याने माणूस मरणे हे व्यवस्थेचे. मात्र आज छप्पनियाइतकाच पाऊस हुकला, तर जमीन १८९९ पेक्षा लवकर सुकेल, कारण हवा जास्त गरम आणि जास्त तहानलेली आहे. नर्मदेचा कालवा आहे म्हणून बडोद्याला आज त्याची झळ जाणवत नाही. पण कालव्याचे पाणी मध्य प्रदेशातल्या पावसाचे आहे, तेही त्याच आभाळाखाली.

राहिला आपल्या कामाचा भाग. जुन्या नोंदींत पाऊस बहुधा इंच आणि सेंटमध्ये असतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. घरगुती वह्यांत तो नक्षत्राने येतो: ‘मघा चांगले लागले’, ‘हस्त कोरडा गेला’. या नोंदी आकड्यांइतक्याच मोलाच्या आहेत, कारण वर्षाची बेरीज सरकारी दप्तरात मिळते, पण पाऊस किती दिवस पडला आणि मधे किती दिवस उघडीप होती, हे अशाच वह्यांत सापडते. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित रोजनिशी, शेतीच्या खर्चाच्या वह्या, पेढीचे किर्द-खतावणीचे कागद असतील, त्यांनी पावसाचा उल्लेख असलेली पाने मंडळाकडे छायाचित्राने पाठवावीत. मोडी असले तरी चालेल, वाचणारे दोघे आपल्यात अजून आहेत. पानासोबत गाव, तालुका आणि वर्ष (संवत की शके, तेही) लिहावे. मूळ कागद तळमजल्यावर ठेवू नयेत.